मी, मास्कचा डबा, आणि त्या दोघी बहिणी

मित्रांनो, जवळ येण्याआधी हात धुतलेत का? धुतले म्हणता? बरं, तुम्ही म्हणता म्हणून मानतो, पण मनातून माझा विश्वास बसलेला नाही. मी एक जुना मास्कचा डबा आहे आणि संशय घेणं हा माझा पिंड आहे. हॉस्पिटलच्या दाराशी उभं आयुष्य काढलं की कोणीही असाच होतो.

माझा जन्म हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, सुताराच्या खोलीत झाला. जन्म कसला, पुनर्जन्मच तो. त्याआधी मी रोग्याच्या खाटेशेजारचं एक छोटं कपाट होतो. औषधं, चष्मे आणि झोपताना काढून ठेवलेल्या कवळ्या सांभाळत होतो. एक जाडजूड पाहुणा माझ्यावरच बसला, माझा पाय मोडला आणि मी भंगारात गेलो. पुढे मोठी साथ आली. साहेबांना, म्हणजे हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या गृहस्थांना, प्रत्येक दाराशी मास्कचा डबा हवा होता, तोही आजच्या आज. सुताराने माझ्या फळ्या काढल्या, घासल्या, पुन्हा जोडल्या आणि पांढरा रंग दिला. वर झाकण बसवलं आणि खाली एक फट ठेवली, म्हणजे एक मास्क ओढला की पुढचा आपोआप खाली यावा. घाईत ती फट जरा रुंद कापली गेली. त्यामुळे माझ्यातून नेहमी दोन मास्क एकदम बाहेर येत.

या एका गोष्टीने माझा स्वभाव घडवला. दुसरा मास्क हातात आला की माणसाचं खरं रूप दिसतं. कोणी इकडेतिकडे बघून तो गुपचूप खिशात घालतो. कोणी तो परत वर कोंबायला जातो आणि सगळा गठ्ठा अडकवून ठेवतो. एक सूटबूटवाले गृहस्थ तर पहिला मास्क खाली टाकून मुद्दाम दुसराच घेत. त्यामागचं कारण मला आजवर समजलेलं नाही, पण त्यात काहीतरी काळंबेरं असणार.

मला ठोकलं ते केमोच्या वॉर्डाच्या दाराबाहेर. हा वॉर्ड दिवसापुरता असतो. सकाळी माणसं येतात, मोठ्या खुर्चीत रेलून बसतात, हाताला नळी लागते, औषध थेंब थेंब आत जातं आणि संध्याकाळी ती घरी जातात. हे औषध कॅन्सरला मारतं, पण जाता जाता अंगातल्या पहारेकऱ्यांनाही झोपवतं. मग आपण ज्या सर्दीला रुमालाने पुसून टाकतो, तीच सर्दी या माणसांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून दाराशी मी होतो आणि माझ्या शेजारी स्टुलावर एक रखवालदार होता.

त्याचा रुबाब बघून सगळे त्याला हवालदार म्हणत. दिवसभर तो एकच शब्द बोलायचा, "मास्क." नाक उघडं ठेवून येणाऱ्यांना तो नुसती भुवई वर करून दाखवायचा. एकदा त्याने खुद्द साहेबांना अडवलं आणि ती गोष्ट पुढे कितीतरी दिवस चवीने सांगत होता. त्या काळात माझाही मान मोठा होता. वॉर्डाच्या सिस्टर रोज सकाळी मला पुसत, भरत आणि झाकणावर थाप मारून "चल, लाग कामाला" म्हणत. मला ते फार आवडायचं. तरी माझी नजर मात्र येणाऱ्याजाणाऱ्यावरच असायची.

याच दारातून त्या दोघी बहिणी यायला लागल्या. केमो थोरलीला चालू होतं. ती शिवणकामाचे वर्ग चालवायची. बोलायला गोड आणि स्वभावाने भलतीच भिडस्त. नळीची जागा सुजली तरी सिस्टरना हाक मारायची नाही. त्यांना कामं असतात, म्हणायची. धाकटी छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायची. लहानपणी मोठं दुखणं येऊन तिचं ऐकणं गेलं होतं. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची. तिला बोलता येत होतं, पण आवाज मोठा आणि सपाट निघायचा, लोक वळून बघायचे, कोणी हसायचे. म्हणून घराबाहेर ती तोंडच उघडत नसे. दोघींना दुसरं कोणी नव्हतं.

आता तुम्हीच विचार करा. ओठ बघून ऐकणारी बाई, आणि दारात मी, सगळ्यांचे ओठ झाकणारा.

डॉक्टरबाई मास्कच्या आडून बोलत आणि धाकटी मान हलवी. सिस्टर काही सांगत, ती मान हलवी. औषधांच्या दुकानातला माणूस येऊन काही बडबडून गेला, तेव्हाही तिने मान हलवली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हिला ओ की ठो कळत नाहीये आणि ही चक्क होकार देतेय! पण असं करण्याची तिला जन्माची सवय लागली होती. पुन्हा पुन्हा "काय?" म्हटलं की माणसं वैतागतात, मोठमोठ्याने ओरडतात, नाहीतर "जाऊ दे" म्हणून निघून जातात. त्यापेक्षा मान हलवलेली बरी, असं तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

एका संध्याकाळी दोघी घरी निघाल्या होत्या. थोरली औषधाच्या गुंगीत भिंतीला टेकली होती. डॉक्टरबाईंनी दाराशी, अगदी माझ्यासमोर, धाकटीला सांगितलं की या आठवड्यात ताप आला तर घरी थांबायचं नाही, गोळी देऊन वाट बघायची नाही, तडक इथे यायचं. धाकटीने मान हलवली. डॉक्टरबाई निश्चिंत मनाने दुसऱ्या रोग्याकडे वळल्या.

थोरलीला ताप आलाच, ते मला मागाहून सिस्टरच्या बोलण्यातून कळलं. धाकटीने तिला गोळी दिली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि उशाशी बसून राहिली. तिने काही कमी केलं नाही, मित्रांनो. जे तिला माहीत होतं ते सगळं केलं. थोरलीला उठवून बसवता येईना, तेव्हा तिने शेजाऱ्यांना हाताला धरून आणलं. थोरली पुढे बरेच दिवस वरच्या मजल्यावर, आत कोणाला सोडत नाहीत अशा खोलीत होती. वाचली, पण अगदी काठावरून. डॉक्टरबाईंनी नंतर आमच्या दाराशी मास्क खाली ओढून धाकटीला ते सगळं पुन्हा सांगितलं. पुन्हा असा उशीर झाला तर आमच्या हातात काही राहणार नाही, हेही सांगितलं. तेवढ्यात हवालदार खेकसला, "मास्क!" धाकटीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवली.

मग साथ ओसरली आणि एका सकाळी साहेब शिडी घेऊन आले. भिंतीवरची मास्क सक्तीची पाटी त्यांनी काढायला लावली आणि तिथे नवा कागद लावला. मास्क आता ऐच्छिक आहे, हवा असल्यास मागावा, असं त्यावर लिहिलं होतं. मागावा म्हणे! कोणी, कोणाकडे? रोग्याने डॉक्टरकडे मागायचा? खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाने, हाताला नळी लावून, समोर आलेल्या प्रत्येकाला अडवायचं? मला तर वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. सक्ती काढताना साहेबांनी स्वतःचे हातही झटकून घेतले होते.

पण वॉर्डात आनंदीआनंद झाला. सिस्टरनी मास्क काढून कानामागे हात फिरवला. तिथे दोरीने घट्टे पडले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर टोपीवाले आजोबा बसत. त्यांचं दुखणं बरं होण्यासारखं नव्हतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नातीला समोर बसवून घेतलं आणि म्हणाले, मला आता पोरीचा चेहरा बघू दे, मास्क बघून बघून कंटाळलो. त्यांचं ऐकण्याचं कानातलं यंत्र मास्कच्या दोरीत अडकून पडायचं, तेही आता पडणार नव्हतं, म्हणून ते दुप्पट खूश होते. एका लहान रोग्याने सिस्टरचं उघडं तोंड पहिल्यांदाच बघितलं आणि "तुम्हाला दात आहेत!" असं आश्चर्याने सांगितलं. सगळे पोट धरून हसले.

सगळेच हसले असं मात्र नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींनी मास्क काढला नाही. त्यांच्या घरी दम्याची नात होती. त्यांना कोणी विचारलं तर, माझ्या तोंडाला वास येतो म्हणून लावते, असं सांगून त्या विषय संपवायच्या. हवालदार आपलं स्टूलच पुसत बसला. त्याचा एकच शब्द होता आणि तो गेला. आणि थोरलीने आपला मास्क नीट वर ओढला, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटून घेतले.

धाकटीने काय केलं असेल? तिने टाळ्या वाजवल्या. खरंच सांगतो. ती डॉक्टरबाईंच्या, सिस्टरच्या, अगदी चहावाल्याच्याही तोंडाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. माझ्या अंगाची आग झाली. बहीण तिथे भिंतीकडे तोंड करून बसली आहे आणि हिला नाटक बघायला आल्यासारखा आनंद होतोय! तेव्हाच मी मनाशी गाठ मारली की ही बाई साळसूद दिसते, पण हिचा भरवसा नाही.

माझेही दिवस फिरले. बाहेरून काढून मला दाराच्या आतल्या बाजूला ठोकलं. दार उघडलं की मी त्याच्या आड जायचो. सिस्टरची सकाळची थाप बंद झाली. माझ्या झाकणावर कोणी चहाचा कप ठेवू लागलं, कोणी बिस्किटाचा कागद आत कोंबू लागलं. माझ्या पोटात एकदा कोणाची तरी छत्रीची मूठ सापडली. धूळ बसली, रंगाला पोपडे आले. एक गोष्ट मात्र बरी झाली. दाराआडून मला सगळा वॉर्ड दिसू लागला.

आणि मग मी पाहिलं की धाकटी माझ्यातले मास्क चोरते आहे.

थोरलीच्या पुढच्या केमोला त्या आल्या तेव्हा धाकटी दाराआड आली, इकडेतिकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी मास्क ओढओढून पिशवीत भरले. माझं पोट रिकामं झालं. वा गं वा, म्हटलं. आता बाहेर नेऊन विकणार! ज्या मास्कवर राग काढत होतीस, त्यांचेच पैसे करणार! ओरडता आलं असतं तर मी हवालदाराला हाक मारली असती.

तेवढ्यात रक्त घ्यायला एक नवा माणूस आला. तोंड उघडं, नाक ओढत, शिंक अर्धी बाहीत आणि अर्धी बाहेर. तो थोरलीच्या खुर्चीकडे निघाला. थोरलीने त्याला येताना बघितलं. तिला मागायचं होतं, मला दिसत होतं ते. तिच्या तोंडावरचा मास्क जरा हलला, मग तिने मान खाली घातली आणि मुकाट्याने हात पुढे केला. भिडस्तपणा माणसाला कुठवर नेतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

धाकटी स्वतःचा मास्क वर ओढून मध्ये येऊन उभी राहिली. तिने पिशवीतून मास्क काढून त्याच्यासमोर धरला. तो हसून म्हणाला की आता लागत नाही, बाहेर कागद लावलाय. त्याचं तोंड उघडं होतं, त्यामुळे तिला शब्दन् शब्द कळला. मग ती बोलली. त्या वॉर्डात तिचा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. तो मोठा होता, सपाट होता, आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

"माझ्या बहिणीजवळ येताना मास्क लावा. ती मागणार नाही. मी मागते."

सगळ्यांनी वळून बघितलं. एक पाहुणी तोंडावर हात ठेवून हसली. धाकटीचे कान लाल झाले, पण हात पुढेच राहिला. त्या माणसाने मास्क लावला. नंतर चहावाला आला, त्याला मास्क. मावशी आल्या, त्यांनी स्वतःचाच बोटाने दाखवला. टोपीवाल्या आजोबांकडे मात्र ती गेली नाही. त्यांची खुर्ची लांब होती, आणि नातीचं तोंड त्यांना किती हवंय हे तिच्याहून जास्त कोणाला कळणार? एवढं बघूनही माझा संशय पुरता फिटला नव्हता. म्हटलं, डॉक्टरबाई येऊ देत. त्यांच्या तोंडावर ही मास्क कशी चढवते ते बघू. कारण तो चढला की हिचे कान बंद.

डॉक्टरबाई आल्या. धाकटीने मास्क पुढे केला. त्यांनी तो लावला, थोरलीला तपासलं, रक्ताचा अहवाल बघितला आणि बोलायला लागल्या. मास्क हलत होता. थोरलीचे डोळे गुंगीने मिटत होते. मी वाट बघत होतो की आता ही मान हलवणार.

तिने मान हलवली नाही. ती म्हणाली, "मला कळलं नाही."

डॉक्टरबाईंचा हात सवयीने मास्क खाली ओढायला गेला. धाकटीने तो हात धरला. इथे नको, म्हणाली. डॉक्टरबाईंनी बाहेर चला अशी खूण केली, तर तिने त्यालाही नकार दिला. तिचं म्हणणं सरळ होतं. ती बहिणीच्याच खोलीत झोपते. बाहेर उघड्या तोंडासमोर उभं राहून तिला कसली लागण झाली, तर घरी जाऊन ती बहिणीलाच होणार. मग तिने डॉक्टरबाईंना बाहीला धरून दाराकडे आणलं, बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि स्वतः आत उभी राहिली. आमच्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच आहे. तिने काचेवर बोट ठेवलं आणि मग स्वतःच्या मास्कवर, ओठांपाशी ठेवलं.

डॉक्टरबाईंना खूण कळली. मग त्यांनी बाहेर, काचेपलीकडे, मास्क खाली घेतला आणि बोलू लागल्या. जाणारेयेणारे थांबून बघत होते. मोठ्या डॉक्टर, आणि दाराशी गप्पा मारतायत! मला तर एक अक्षर ऐकू येत नव्हतं, दार जाड होतं. खुर्चीतल्या थोरलीलाही येत नव्हतं. ऐकू येत होतं ते फक्त धाकटीला. ती काचेतले ओठ बघत होती आणि एकेक वाक्य मोठ्याने बहिणीला सांगत होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप उतरल्यात. या आठवड्यात जपायचं. ताप आला तर गोळी द्यायची नाही. पट्ट्या ठेवत बसायचं नाही. लगेच निघायचं, विचार करायचा नाही.

थोरलीचे डोळे उघडले होते. तिने ते ऐकलं आणि "ऐकलं गं मी" असं ओठांनी म्हणायला गेली. मग तिला आठवलं की आपल्या तोंडावर मास्क आहे. तिने नुसती मान हलवली. ती मान खरी होती, एवढं मी खात्रीने सांगतो. मित्रांनो, मला लाकडालाही तेव्हा भरून आलं.

त्या दिवसानंतर काचेपलीकडून बोलायची आमच्या वॉर्डात रीतच पडली. बाहेर उभं राहून सिस्टर सूचना सांगू लागल्या. टोपीवाल्या आजोबांच्या नातीला एकदा सर्दी झाली, तेव्हा ती काचेला नाक चिकटवून आजोबांना वेडावून दाखवत होती. हवालदाराला नवं काम मिळालं. तो आता दाराशी माणसाला थांबवून विचारतो, "कोणाकडे जायचंय?" आणि थोरलीचं वर्णन सांगितलं की दाराआड हात घालून माझ्यातला मास्क काढून देतो. त्याचा रुबाब पुन्हा पहिल्यासारखा झाला आहे.

आणि मग ताप आलाच. दुपारची वेळ होती. धाकटी बहिणीला कमरेला धरून जवळजवळ उचलूनच घेऊन आली. अंग तापाने फणफणलं होतं, पण थोरली आपल्या पायांवर होती. मी धाकटीचा हात पिशवीत जाताना बघितला. ती मास्क शोधत होती. वर बघते तर डॉक्टरबाईंनी लावलेला होता. सिस्टरनी लावलेला होता. तो नाक ओढणारा रक्तवालाही हवालदाराने दिलेला मास्क लावून तयार उभा होता. त्या दिवशी तिला कोणाकडेही काही मागावं लागलं नाही. तिचा पिशवीतला हात तसाच राहिला.

सगळ्यांची तोंडं झाकलेली, धावपळ चाललेली, आणि ती एका मास्ककडून दुसऱ्या मास्ककडे बघत होती. कोणी काय बोलतंय ते तिला समजत नव्हतं. नळी लागली, औषध सुरू झालं, आणि मग डॉक्टरबाई न सांगता दाराबाहेर गेल्या. त्यांनी दार लावलं आणि मास्क खाली घेतला. धाकटी काचेपाशी आली. आता तिच्या आवाजाकडे कोणी वळून बघत नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, आपण वेळेवर आलो."

मित्रांनो, थोरलीचं केमो अजून चालू आहे. पुढचं मला माहीत नाही आणि कोणी खात्री दिली तरी माझा विश्वास बसणार नाही. परवा साहेब मोजपट्टी घेऊन आले होते. माझी लांबी घेतली, भिंतीकडे बघितलं आणि हम्म म्हणाले. मला पुन्हा भंगारात टाकायचा बेत असेल. टाकू देत. माझं म्हणणं तेवढं तुम्ही ऐकून घ्या. नियम असो वा नसो, आजारी माणसाच्या दारात आलात की आधी थांबा. मास्क लावू का, की काढून समोर उभा राहू, हे तुम्हीच विचारा. आत कोणीतरी असा असतो ज्याला मागता येत नाही. त्याला मागायला लावू नका.

आणि जाताना हात धुवून जा. खरंच धुवा.